तुमच्याकडे याला काय म्हणतात?

असरची नमाज होऊन गेली की बाजारात रमजानची खरी लगबग सुरू होते. इफ्तारला दीड-दोन तास उरलेले असतात, घशाला कोरड पडलेली असते आणि नजर आपोआप फळांच्या गाड्यांकडे वळते. बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला उभे राहा नाहीतर पश्चिमेला, चित्र सारखंच. गाडीवर मधोमध कापून ठेवलेलं एक लालभडक फळ. आगरी मावशी विचारतात, ‘कलिंगड कसं दिलं?’ नोकरीसाठी नांदेडकडून आलेला तरुण ‘टरबूज’ मागतो. पिशवीत खजुराचा पुडा असलेली बाई ‘तरबूज मीठा है ना?’ अशी खात्री करून घेते. उल्हासनगरची सिंधी आजी नातवाला तेच फळ ‘हिंदाणो’ म्हणून दाखवते. गाडीवाला चौघांनाही तेच फळ, त्याच भावाने देतो. त्याला चारही नावं कळतात, कारण त्याचं पोट त्यावर आहे.

मी महाविद्यालयात शिकवते. घरात उर्दू, बाहेर मराठी, असं लहानपणापासून चालत आलेलं. त्यामुळे भाजीबाजारात माझे कान भाजीपेक्षा शब्दांकडेच जास्त असतात. या चार नावांचंच बघा. ‘कलिंगड’ या शब्दात संस्कृतातला कालिंग, म्हणजे कलिंग देशाचा पत्ता दडला आहे. ‘तरबूज’ फारसीतून उर्दूत आला आणि विदर्भ-मराठवाड्यात त्याचा ‘टरबूज’ झाला. सिंधीतला ‘हिंदाणो’ फारसीच्या ‘हिंदवाना’चा नातलग, म्हणजे हिंदकडून आलेलं फळ. आणि फळ मूळचं कुठलं? आफ्रिकेतलं. ज्याने ते जिथून येताना पाहिलं, त्याने तिथला पत्ता त्याला चिकटवला.

आमचा हा पट्टा अशा शब्दांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. उल्हास नदीकाठचं बदलापूर गाव जुनं. अंबरनाथला 1060 सालचं शिवमंदिर आहे, आणि त्याच अंबरनाथात पुढे काडेपेट्यांचा कारखाना आला, आयुध निर्माणी आली, देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत विसावली. 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना माणसं आजही ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. कल्याण-भिवंडीचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्यांचे. आणि मुंबईत घर परवडेना म्हणून दादर-परळहून बदलापूरला आलेल्यांची तर मोजदादच नको. प्रत्येकाने आपलं सामान आणलं, तसे स्वयंपाकघरातले शब्दही आणले.

इंग्रजीही एक नाही

विद्यार्थ्यांशी हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मॅडम, आपल्याकडेच हा घोळ आहे. इंग्रजीत बरं, एका वस्तूला एकच शब्द.’ ही समजूत परदेशात गेल्यावर पहिल्याच बाजारहाटीत गळून पडते.

आपण शाळेत ‘ब्रिंजल’ शिकलो. लंडनच्या दुकानात त्याची पाटी ‘ऑबर्जिन’, न्यूयॉर्कमध्ये ‘एगप्लांट’. दक्षिण आफ्रिकेत आणि मलेशियात मात्र आपलं ‘ब्रिंजल’च चालतं. ढोबळी मिरचीला आपण आणि ऑस्ट्रेलियातले लोक ‘कॅप्सिकम’ म्हणतो, अमेरिकेत ती ‘बेल पेपर’ असते. भेंडी ही आपली ‘लेडीज फिंगर’, अमेरिकेत ‘ओक्रा’. तिथे ‘लेडीफिंगर’ मागितलीत तर हातात केकसारखं मऊ, लांबट बिस्किट पडेल. ‘बिस्किट’ मागितलंत तर गरम, मऊ पाव मिळेल, कारण आपल्या बिस्किटाला ते ‘कुकी’ म्हणतात. इंग्लंडात ‘चिप्स’ म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या गरम फोडी, अमेरिकेत ‘चिप्स’ म्हणजे आपले वेफर्स. ऑस्ट्रेलियात दोन्ही चिप्सच, फरक सांगायचा तर गरम किंवा थंड म्हणायचं. ‘आंत्रे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रवेश. ऑस्ट्रेलियाच्या हॉटेलात त्या मथळ्याखाली सुरुवातीचे हलके पदार्थ असतात, अमेरिकेत मुख्य जेवण.

एवढंच काय, खुद्द इंग्लंडातही एक नाव टिकत नाही. आपल्या पावासारख्या छोट्या गोल ब्रेडला दक्षिणेत ‘रोल’ म्हणतात, मध्य भागात ‘कॉब’, लँकेशायरकडे ‘बार्म’, कॉव्हेंट्रीत ‘बॅच’. आपल्याकडे तोच पाव, पोर्तुगीज ‘पांव’वरून आलेला. उर्दू घरांत ‘डबल रोटी’, सिंधी घरांत नुसती ‘डबल’. शिळ्या पावाची मसालेदार ‘सेयल डबल’ हा उल्हासनगरच्या घरांतला खास नाश्ता.

मला यातली सगळ्यात आवडती जोडी कोथिंबिरीची आहे. इंग्लंडात पानांनाही ‘कोरिअँडर’ आणि बियांनाही ‘कोरिअँडर’. अमेरिकेत पानं ‘सिलँट्रो’ आणि बिया ‘कोरिअँडर’. आता आपल्याकडे बघा. मराठीत पानं कोथिंबीर आणि बिया धणे. उर्दूत दोन्ही धनिया, हवं तर हरा धनिया आणि सूखा धनिया. म्हणजे कोथिंबिरीपुरती मराठी अमेरिकेच्या बाजूला आणि उर्दू इंग्लंडच्या! आमच्या दखनी घरांत पानांना ‘कोतमीर’ म्हणतात, आणि तो शब्द तर सरळ कोथिंबिरीच्या घरचा आहे.

वांग्याची वारी

वरवर पाहिलं तर वांगी, बैंगन, ब्रिंजल आणि ऑबर्जिन हे चार परके शब्द वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच कुळातले आहेत. संस्कृतात ‘वातिंगण’ असा एक शब्द होता. इकडे त्यातून मराठीचं वांगं, उर्दू-हिंदीचा बैंगन, सिंधीतला वाङण झाला. तिकडे तो इराणात ‘बादंगान’ झाला, अरबांनी त्याचा ‘बादिंजान’ केला. अरब व्यापारी आणि शेतकरी त्याला स्पेन-पोर्तुगालपर्यंत घेऊन गेले. पोर्तुगीजांनी त्याचं ‘बेरिंजेला’ केलं आणि जहाजातून ते परत आपल्याच किनाऱ्यावर उतरवलं. इंग्रजांनी त्याचा ‘ब्रिंजल’ केला. दुसऱ्या वाटेने, अरबी ‘अल’ सोबत घेऊन, तोच शब्द फ्रान्समध्ये ‘ऑबर्जिन’ झाला आणि इंग्लिश खाडी ओलांडून लंडनला पोचला.

घरातून निघालेला पोरगा जग फिरून परत आला आणि घरच्यांनी त्याला पाहुणा समजून ‘या साहेब, बसा’ म्हटलं, तसं झालं हे. एकटा ‘एगप्लांट’ तेवढा वेगळा. युरोपात पूर्वी वांग्याची एक पांढरी, अंड्याएवढी जात लावत, तिच्यावरून ते नाव पडलं.

पेरू, अमरूद आणि जैतून

फळांच्या गाडीवर कलिंगडाशेजारी पेरू असतो. तिखटमीठ लावलेला पेरू इफ्तारच्या ताटातही दिसतो. त्याची कथा याहून गमतीची. पेरू हे झाड अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या काळात इथे आलेलं. पोर्तुगीजांना ते फळ त्यांच्या ‘पेरा’सारखं, म्हणजे नासपतीसारखं वाटलं. त्यावरून आपण ‘पेरू’ म्हणू लागलो. फारसी जाणणाऱ्यांनाही ते नासपतीसारखंच वाटलं असावं, कारण जुन्या फारसीत ‘अमरूद’ म्हणजे नासपती. पेरू म्हणा की अमरूद, दोन्ही नावं दुसऱ्याच फळाची. एकमेकांशी सल्लामसलत न करता दोन भाषांनी एकच गफलत केली आणि आज त्या गफलतीला आपण शुद्ध शब्द म्हणतो.

सिंधी माणूस मात्र पेरूला ‘जैतून’ म्हणतो. अरबी आणि उर्दूत जैतून म्हणजे ऑलिव्ह, कुरआनात ज्याचा उल्लेख आहे ते फळ. त्यामुळे सिंधी शेजारीण ‘जैतून आणले आहेत, देऊ का?’ म्हणाली, तर उर्दू घरातली बाई परदेशी बाटलीची वाट बघेल आणि समोर हिरवागार पेरू येईल. शिवाय मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबात पेरूला ‘जांब’ म्हणतात, आणि मुंबईच्या बाजारात ‘जाम’ हे पांढरट-गुलाबी रंगाचं निराळंच फळ असतं. यातलं कोणतंच जांभूळ नव्हे. ते आमच्या बदलापूरचं, भौगोलिक मानांकन मिळवलेलं, आणि त्याच्या नावावरून इथे तरी वाद नाही.

शब्द एक, वस्तू दुसरी

एका वस्तूला चार नावं असली तर फारसं बिघडत नाही. बोट दाखवलं की काम होतं. खरा घोटाळा उलट बाजूने होतो. शब्द ओळखीचा असतो, म्हणून आपण विचारतच नाही, आणि वस्तू भलतीच निघते.

विदर्भातली सून ‘बाजारातून सांबार आणा’ म्हणते तेव्हा तिला कोथिंबीर हवी असते, आणि ठाण्यातली सासू इडलीची तयारी करते. विदर्भात ‘कोहळं’ म्हणजे लाल भोपळा, आणि आपल्याकडे कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढरा. उर्दूतला ‘कद्दू’ तर फारच फसवा. उत्तरेत बहुतेक ठिकाणी तो लाल भोपळा, पण हैदराबादकडच्या ‘कद्दू की खीर’मध्ये दुधी असतो. पैगंबरसाहेबांना भोपळा आवडत असे, असं हदीसमध्ये येतं. तो कोणता भोपळा, यावर आमच्या घरी दोन मावश्यांचं इफ्तार थंड होईपर्यंत चालायचं. दोघी ‘कद्दू’च म्हणत होत्या. एकीच्या डोळ्यासमोर दुधी होता, दुसरीच्या लाल भोपळा.

खजुराचंही तसंच. मराठीत खारीक म्हणजे वाळवलेली, कडक. उर्दूत ती ‘छुहारा’. कच्छी शेजाऱ्यांकडे मात्र झाडावरून उतरवलेली ताजी, पिवळी-लाल, करकरीत फळंही ‘खारेक’च. कोकणी मुसलमानांच्या घरात ‘सांदण’ म्हणजे तांदळाचा वाफवलेला, नारळाच्या दुधासोबत खाण्याचा पदार्थ. रत्नागिरीकडच्या हिंदू घरात सांदण म्हटलं की आधी फणस आठवतो. ‘मटण’ आपल्याकडे बहुधा बकऱ्याचं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात ‘मटन’ म्हणजे मेंढीचं मांस, आणि तिथे गेलेला आपला माणूस पहिल्या घासाला ‘हे आपलं मटण नव्हे’ म्हणून थांबतो. आपली साधी खिचडी इंग्रजांच्या घरी जाऊन ‘केजरी’ झाली. तिच्यात धुरावलेला मासा आणि उकडलेली अंडी आली आणि ती सकाळच्या टेबलावर बसली. आपल्या आजीने ती ओळखलीच नसती.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं असलं तरी कधी कधी प्रश्न तब्येतीचा असतो. शेंगदाण्याची अॅलर्जी जिवावर बेतू शकते. आपल्या पाकिटावर ‘ग्राउंडनट’ असतं, अमेरिकेतल्या पाकिटावर ‘पीनट’, इंग्लंडात टरफलासकट असतील तर ‘मंकी नट्स’. नागपूरकडे गेलात तर ‘फल्लीदाणे’. ज्याच्या मुलाला ही अॅलर्जी आहे, त्याने ही सगळी नावं पाठ ठेवायलाच हवीत.

आमच्या इमारतीतल्या एका वयस्कर खालाजानना मधुमेह आहे. रमजानच्या आधी त्यांना आहाराचा एक छापील कागद मिळाला. त्यावर इंग्रजीत ‘फिंगर मिलेट’, ‘रिज गार्ड’, ‘बॉटल गार्ड’ असं लिहिलेलं. त्या दोन दिवस दुकानांत ‘मिलेट’ शोधत होत्या आणि पॉलिश केलेलं महाग पाकीट घेऊन आल्या. फिंगर मिलेट म्हणजे नाचणी. त्यांच्याच घरात, मुरबाडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याने दिलेली नाचणी डब्यात पडून होती. रिज गार्ड म्हणजे त्यांची तुरई, शेजारणीचा दोडका. बॉटल गार्ड म्हणजे दुधी, म्हणजेच हैदराबादचं कद्दू. कागद देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण रोज रांधणाऱ्या बाईला जे नाव ठाऊक आहे, तेच त्या कागदावर नव्हतं.

सरबताचा प्रवास

इफ्तारच्या ताटात खजुराच्या खालोखाल मान सरबताचा. अरबीत ‘पिणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून ‘शराब’ आणि ‘शरबत’ हे दोन्ही शब्द झाले. अरबीत ‘शराब’ म्हणजे कोणतंही पेय. कुरआनात मधमाशीच्या मधाचं वर्णन करताना हाच शब्द आला आहे. उर्दू, हिंदी, मराठीत मात्र शराब म्हणजे दारूच. शरबत तेवढा सोज्वळ राहिला आणि मराठीत ‘सरबत’ झाला. मग लिंबाचं, कोकमाचं, वाळ्याचं अशी त्याची घरोघर लग्नं लागली.

तोच शब्द तुर्कस्तानमार्गे युरोपात गेला. इटली-फ्रान्समध्ये तो ‘सॉर्बे’ झाला, बर्फाचा गोड पदार्थ. इंग्लंडात ‘शर्बेट’ म्हणजे जिभेवर फसफसणारी गोड पूड, लहान मुलांचा खाऊ. अमेरिकेत ‘शर्बेट’ म्हणजे फळांचा रस आणि थोडं दूध घालून गोठवलेला, आइस्क्रीमच्या जवळचा प्रकार. आणि ऑस्ट्रेलियात? तिथल्या बोलीत ‘शर्बेट’ म्हणजे चक्क बिअर! अरबी ‘शराब’पासून औषधाचं ‘सिरप’ही आलं. एका मुळातून कुणी औषध झालं, कुणी खाऊ, कुणी नशा. ज्या समाजाने त्या शब्दात जे ओतलं, ते त्याने धरलं.

उपवास की रोजा?

रमजानात शेजारी प्रेमाने विचारतात, ‘भाभी, उपवास आहे ना? मग साबुदाण्याची खिचडी पाठवू?’ या प्रश्नात माया आहे आणि एक भाषिक गाठही आहे. मराठीत उपवास म्हटलं की साबुदाणा, वरी, शेंगदाणे, बटाटा ही यादी मनात येते. काय खायचं आणि काय नाही, यावर त्याचा भर. रोजात काय खायचं याला तसं बंधन नाही, बंधन वेळेचं आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नही नाही, पाण्याचा घोटही नाही. ‘रोजा’ हा शब्दच फारसी ‘रोज’, म्हणजे दिवस, यापासून आला आहे. सूर्य मावळला की साबुदाणा खिचडीही चालते, आणि खरं सांगायचं तर फार छान लागते.

आता ‘फराळ’ घ्या. मूळ ‘फलाहार’, म्हणजे फळं खाऊन राहणं. एकादशीचा फराळ हा उपवासाचा. दिवाळीचा फराळ म्हणजे चकली, करंजी, लाडू, चिवडा, उपवासाच्या अगदी उलट. मराठी माणूस दोन्ही अर्थ सहज सांभाळतो, त्याला गोंधळ होत नाही. मग ‘रोजा सोडला’, ‘इफ्तार केला’, ‘उपवास सोडला’ या तीन शब्दप्रयोगांतही त्याला गोंधळायचं काही कारण नाही.

इंग्रजीतही हेच आहे. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे शब्दशः उपवास सोडणं, रात्रभराचा. ‘डिनर’ हा शब्दसुद्धा लॅटिनमधून, उपवास सोडण्याच्याच अर्थाने आला. आज उत्तर इंग्लंडात बऱ्याच घरांत ‘डिनर’ दुपारी असतं आणि रात्रीच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. म्हणजे तिथे ‘टी’ला बोलावलं तर पोट रिकामं ठेवून जावं. आपला ‘नाश्ता’ फारसीतून आला. मूळ अर्थ उपाशीपोटी असणं. शेतकऱ्याची सकाळची ‘न्याहारी’ आणि दिल्लीची रात्रभर शिजणारी ‘निहारी’ याही एकाच मुळाच्या. एकीच्या ताटात भाकरी-चटणी, दुसरीच्या ताटात मांसाचा दाट रस्सा. दोघींची वेळ मात्र एकच, सकाळची.

शब्दावरून माणूस तोलणं

इथवर सगळं गोड आहे. पण एक गोष्ट मला वर्गात शिकवताना बोचते.

उर्दू माध्यमातून आलेल्या एका मुलीने मराठीच्या निबंधात लिहिलं होतं, ‘आम्ही दुपारी तांदूळ खातो.’ वाचून दाखवताना वर्ग हसला. ती पुढे कितीतरी दिवस वर्गात तोंड उघडेना. तिची चूक कुठून आली ते सोपं आहे. उर्दूत कच्चा तो चावल आणि शिजलेलाही चावल. मराठीत शेतातला भात, गिरणीतून आलेला तांदूळ आणि ताटात पुन्हा भात. मी हसणाऱ्यांना विचारलं, ‘इंग्रजीत काय म्हणाल?’ सगळे म्हणाले, ‘राइस.’ कच्चा? ‘राइस.’ शिजलेला? ‘राइस.’ इंग्रजांनाही मग या मुलीच्याच बाकावर बसवायला हवं, असं म्हटल्यावर वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी ती मुलगीही हसली.

अन्नाचे शब्द आपण नुसते ऐकत नाही, त्यावरून माणूस तोलतो. पोळी म्हटलं की एक घर, चपाती म्हटलं की दुसरं. अनेकांच्या घरी पोळी म्हणजे फक्त पुरणपोळी. रोज होते ती चपाती. पण शहरात आलेल्या मुलीला कुणी सुधारतं, ‘चपाती नाही गं, पोळी म्हणावं.’ का म्हणावं? गोश्त म्हटलं की कपाळाला आठी, मटण म्हटलं की तोंडाला पाणी. सालन म्हटलं की ‘त्यांचं’, रस्सा म्हटलं की ‘आपलं’. वाटीतला पदार्थ तोच असतो. इंग्लंड आणि अमेरिकेतली माणसं चिप्सवरून एकमेकांची थट्टा करतात. आपल्याकडे ती थट्टा लवकर जात आणि धर्म विचारायला लागते. म्हणून सावध राहायला हवं.

दुसरीकडे हे सगळेच शब्द हळूहळू पातळ होत चालले आहेत. मोबाइलवरून भाजी मागवणाऱ्या मुलांना ‘कोरिअँडर शंभर ग्रॅम’ कळतं. कोथिंबीर, कोतमीर, सांबार, धनिया यांतलं एकही त्या पडद्यावर नसतं किंवा एखादंच असतं. आमच्या महाविद्यालयातल्या सिंधी मुलांना विचारलं, कांद्याला तुमच्या घरी काय म्हणतात? बरीच गप्प राहिली. एकाने घरी फोन लावला आणि आजीकडून उत्तर आलं, ‘बसर.’ लसणाला ‘थूम’. अरबीत कांदा ‘बसल’ आणि लसूण ‘सूम’, हे मी फळ्यावर शेजारी लिहिलं तेव्हा तो मुलगा स्वतःच्याच आजीकडे पहिल्यांदा एखाद्या विद्वान बाईकडे बघावं तसा बघू लागला असेल.

त्यानंतर मी वर्गाला एक काम दिलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारून स्वयंपाकघरातले दहा शब्द लिहून आणायचे. आगरी, कोकणी, सिंधी, दखनी, अहिराणी, भोजपुरी, तेलुगू अशा याद्या आल्या. चिंचेपुढे इमली आली, सिंधी ‘गिदामिडी’ आली. मी त्यात अरबी ‘तमर हिंदी’ घातलं, म्हणजे ‘हिंदी खजूर’. इंग्रजांचा ‘टॅमरिंड’ तोच. ज्याला आपण चिंच म्हणून झाडावरून पाडतो, त्याला अरबाने हिंदुस्तानचा खजूर म्हटलं. फळा भरला, तास संपला, आणि कुणाचा शब्द बरोबर हा प्रश्न कुणीही विचारला नाही.

आमच्या गावाच्या नावाची एक गोष्ट सांगतात. पूर्वी या वाटेने जाणारे स्वार इथे थांबून घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. गोष्ट किती खरी ते इतिहासकार ठरवतील. पण ‘बदल’ हा शब्द मात्र अरबी, मराठीत इतका मुरलेला की कुणाला तो परका वाटत नाही. शब्दही असेच घोडे बदलत इथवर आले आहेत.

ईदच्या डब्यासोबत

थोड्या दिवसांत ईद येईल. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. शेवया, सुकामेवा घातलेल्या त्या शीरखुर्म्याचे डबे दारोदारी जातील. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. कुणी त्यात करंजी घालून देईल, कुणी सिंधी मिठाई, कुणी नुसती साखर. यंदा डबा देता-घेता एक प्रश्न जोडू या. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ उत्तर देणाऱ्या बाईचा चेहरा बघा. तिला तिची आई आठवेल, गाव आठवेल, आणि ती तुम्हाला दारातून आत बोलावेल.